माझा रंग आणि कलावतीची चिंच

मित्रांनो, मी एक जुना चांदीचा डॉलर आहे, आणि माझी हकिकत ऐकायची असेल तर आधी हात मागे घ्या. रागावू नका. कुणाचं बोट पुढे आलं की माझ्या जिवाची घालमेल होते. त्याला कारणही तसंच आहे.

अमेरिकेतल्या एका टांकसाळीत १८८१ साली माझा जन्म झाला. एका बाजूला केसांत कणसं माळलेली बाई, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. जन्मल्याबरोबर मला हजार भावंडांसोबत कापडी पिशवीत कोंबून बँकेच्या तळघरात टाकलं. चाळीस वर्षं मी ना बाजार पाहिला, ना कुणाचा खिसा. माझ्यासारख्या चुळबुळ्याला ही जन्मठेपच होती. पण पिशवीच्या कापडाला टेकून टेकून माझ्या अंगावर हळूहळू रंग चढला. आधी पिवळसर, मग तांबूस, मग जांभळा, आणि कडेला गर्द निळा. मला जरा कलतं केलं की त्या रंगाखालून चांदीची चमक चाकासारखी फिरायची.

असा रंग घाईने येत नाही, दोन नाण्यांवर सारखा येत नाही, आणि एकदा गेला की परत मिळत नाही. म्हणूनच जाणकार माणसं अशा डॉलरला चकचकीत डॉलरपेक्षा कितीतरी जास्त मान देतात. हे मी फुशारकीने सांगतो आहे, हे मला मान्य आहे.

पुढे मी हॉवर्ड साहेबांच्या वडिलांकडे गेलो, त्यांच्यानंतर साहेबांकडे, आणि साहेबांच्या बॅगेतून ओमानला. रुसैलच्या एका पाइपच्या कारखान्यात साहेब इंजिनियर होते. तिथे दयानंद नावाचा फिटर होता, देवरुखकडचा. नऊ वर्षं दोघांनी एकत्र काम केलं. साहेब म्हणायचे, हा माणूस गरज नसताना पाना फिरवत नाही. १९९५ साली निवृत्त होऊन परत जाताना त्यांनी मला कागदाच्या पाकिटात घालून दयानंदच्या हातात दिलं. दयानंदचं इंग्रजी कामापुरतं, म्हणून स्टोअरकीपर नुमानने साहेबांचं बोलणं समजावून दिलं. नुमान रत्नागिरीचा, दयानंदचा जिवाभावाचा मित्र. तो म्हणाला, "याला पुसायचं नाही, घासायचं नाही. रंग म्हणजे याचं वय आहे, असं म्हणतायत."

दयानंदने मान डोलावली आणि मला बिस्किटांच्या निळ्या डब्यात ठेवलं.

पुढच्या वर्षी तो फोरमन झाला. जवळच्याच सीब गावात दोन खोल्या मिळाल्या आणि त्याची बायको कलावती गावाहून आली. आली आणि दोन महिन्यांत दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कारखाना चालूच होता. पाटावर ठेवायला चांदीचं नाणं शोधता शोधता तिला मी सापडलो. काळानिळा पडलेला. लक्ष्मीपुढे असं नाणं ठेवायचं? तिने चिंच भिजत घातली, रांगोळीची पूड घेतली आणि मला घासायला बसली. मित्रांनो, शंभरावर वर्षांचा रंग पाच मिनिटांत मोरीत वाहून गेला. मग तिने मला पंचामृताने न्हाऊ घातलं आणि हळदकुंकू वाहिलं. इतक्या प्रेमाने आजवर माझं कुणी काही केलं नव्हतं, आणि तिनेच माझं वाटोळं केलं.

दयानंद संध्याकाळी आला. पाटावर मी लखलखत होतो. त्याचा चेहरा उतरला. पण नव्या मुलखातली तिची पहिली दिवाळी होती, म्हणून तो काहीच बोलला नाही. पुढच्या वर्षीही नाही. अशा आठ दिवाळ्या गेल्या. दरवेळी चिंच भिजली की मी धास्तावायचो आणि दयानंद दुसरीकडे बघायचा.

आणि २००४ साली फोन आला की हॉवर्ड साहेब मस्कतला येत आहेत, दयानंदच्या घरी जेवायचं म्हणतात, डॉलरही बघायचा म्हणतात.

दयानंदने मला डब्यातून काढून नुमानपुढे ठेवलं. साहेबांनी विश्वासाने दिलेली वस्तू आपण राखली नाही, हे त्यांना कसं सांगायचं? नुमानचे मामा मस्कतच्या मत्रा बाजारात चांदीच्या दुकानात होते. नवा दागिना जुना दिसावा म्हणून काय करतात, ते नुमानला ठाऊक होतं. कलावती बाजारात गेली असताना त्याने उकडलेलं गरम अंडं फोडून मला त्याच्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं. तासाभरात मी निळा-जांभळा झालो. मला तर लाज वाटली. रंग वरवर बसलेला, खालची चमक मेलेली, आणि अंगाला अंड्याचा वास.

साहेब आले. सोलकढी प्यायले, दोनदा भात घेतला. मग खिशातून भिंग काढून त्यांनी मला खूप वेळ पाहिलं. त्यांनी नुमानला काहीतरी विचारलं.

दयानंद खाली बघत म्हणाला, "सांग, कुणी हात लावला नाही म्हणून."

नुमान घसा खाकरत राहिला. तेवढ्यात कलावती ताटं उचलता उचलता थांबली. "नुमानभाई, काय विचारतायत साहेब?"

"वहिनी, ते... हा कुणी साफ केला का, विचारतात."

कलावतीचा चेहरा उजळला. "मग! सांगा त्यांना, मी करते. दर दिवाळीला, चिंच लावून. एक वर्ष चुकवलं नाही. यंदाच मेला कसा काळा पडला, कळत नाही."

शेवटी दयानंदनेच मान वर केली आणि मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं, अंड्यासकट. कलावती एकेक शब्द नुमानकडून समजून घेत होती. समजलं तशी ती खाली बसली. आठ वर्षं मला का नाही सांगितलं, एवढंच ती नवऱ्याला म्हणाली.

साहेबांनी भिंग परत खिशात ठेवलं. मग जे बोलले ते नुमानने हळू आवाजात सांगितलं. "म्हणतायत, रंग गेल्याचं वाईट वाटलं. अंड्याचं त्याहून जास्त वाटलं."

जाताना त्यांनी बॅगेतून एक जुनं कागदी पाकीट काढलं, मला आत घातलं आणि दयानंदच्या नव्हे, कलावतीच्या हातात दिलं. आता काही करू नका, म्हणाले.

"काहीच नाही?" तिने विचारलं. त्या बाईला याहून कठीण काम कुणी सांगितलं नसेल.

मित्रांनो, जपणं म्हणजे दरवेळी हात लावणं नव्हे. जे हळूहळू होतं ते हळूहळू होऊ द्या. आणि हातून चूक झाली, तर ती रंगवण्यापेक्षा सांगून टाका.

त्या वर्षीच्या दिवाळीत डबा उघडला तेव्हा मी सवयीने शहारलो. कलावतीची बोटं पाकिटावर आली, आणि थांबली. तिने पाकीट तसंच पाटावर ठेवलं. पंचामृताची वाटी बाजूला सारली आणि पाकिटालाच हळदकुंकू लावलं.

कागदाआड माझ्या कडेला हल्ली जराशी उष्णता वाटते. पिवळसर काहीतरी चढत असावं. तिने अजून उघडून पाहिलेलं नाही.