आतल्या बाजूला वाढणारं पोलाद

रिसालदार मारुतराव खर्डेकरांचा रणगाडा बाहेरून होता तेवढाच होता, पण आतून रोज चार बोटं लहान होत होता. पोलाद आतल्या बाजूला वाढत होतं. गेल्या लढाईत शत्रूच्या रणगाडाभेदी तोफांनी पलटणीचे सात रणगाडे फोडले, तेव्हा चौकशीसाठी नेमलेल्या समितीनं कवच जाड करण्याचा ठराव केला. ठराव झाल्या दिवसापासून कवच आपणहून जाड होऊ लागलं.

सोमवारी गोळे ठेवायची फळी पोलादात गेली. बुधवारी तोफची इस्माईल मुजावरची बैठक गेली, म्हणून इस्माईल खाली उतरला तो उतरलाच. गुरुवारी चालक गोपाळ वाळुंजचे गुडघे छातीला टेकले.

"बरंय की साहेब," वाळुंज म्हणाला. "हनुवटी टेकाया जागा झाली."

कुरकुर करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. खर्डेकरांचं डोकं मात्र तापलं होतं. शुक्रवारी चाचणीसाठी समिती माळावर आली, मांडवात बसली, शहाळी प्यायली. नुसती उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं. रणगाड्यात पाय घातलेला त्यांत एकही नव्हता. खर्डेकरांनी रणगाडा मांडवासमोर उभा करवला आणि ते तरातरा खाली उतरले.

"आत माणूस मावंना झालाय," ते म्हणाले.

समितीचे प्रमुख देवस्थळी शांत गृहस्थ होते. "रिसालदारसाहेब, फुटलेले सातही रणगाडे आम्ही तपासले. गोळा शेवटी प्रत्येक वेळी पोकळीतच शिरला होता. दोष पोकळीत आहे."

"त्या पोकळीत आम्ही बसतो."

"म्हणूनच तर," असं म्हणून देवस्थळींनी शहाळं खाली ठेवलं.

रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच. खर्डेकर मागे वळले, आणि तेव्हा त्यांना स्वतःची चूक कळली. इंजिनाच्या आवाजात रणगाड्यात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून वर उभा असलेला कमांडर बुटाच्या टोकानं चालकाचा डावा खांदा दाबतो, की गाडी डावीकडे. उजवा दाबला, की उजवीकडे. दोन्ही खांदे दाबले, की उतरायचं. रागाच्या भरात ते खांदे न दाबताच उतरले होते, आणि वाळुंज बावीस वर्षांत हुकमाशिवाय कधी उतरला नव्हता.

त्यांनी वर चढून झाकण उघडलं. झाकणाखाली पोलाद होतं, गुळगुळीत आणि उन्हानं तापलेलं. चालकाचं झाकण तर पुसूनच गेलं होतं. त्यांनी टाच आपटली. आतून ठोका आला.

"भोक पाडल्याबिगर न्हाई निघायचा त्यो," खाली उभा असलेला इस्माईल म्हणाला. चाचणीची रणगाडाभेदी तोफ समोरच उभी होती.

"गोळा आरपार गेला तर रणगाडा नापास होईल," देवस्थळी म्हणाले. "आणि हा पहिलाच रणगाडा आहे, ज्यात कोणी मरू शकत नाही."

"आत माझा माणूस आहे."

"आतलं माप शून्य भरलंय. मी स्वतः सही केली आहे."

खर्डेकरांनी त्यांना अर्वाच्य शिवी हासडली. मग गोळ्याच्या खुणांभोवती वर्तुळं काढायचा खडू त्यांनी मांडवातल्या मेजावरून उचलला आणि इस्माईलच्या हातात दिला. हातोडीनं पोलाद ठोकायचं; जिथं वाळुंजचं उत्तर येईल तिथं फुली मारायची. जिथं येणार नाही, तिथं गोळा.

इस्माईलनं पुढं ठोकलं. उत्तर आलं, फुली पडली. डावीकडं ठोकलं, तिथूनही आलं. मागं ठोकलं, मागूनही आलं.

"एका जागी बसंना कसा ह्यो?" इस्माईल म्हणाला.

"आपण बोलावतोय असं वाटतंय त्याला," खर्डेकर म्हणाले. "ठोकू तिथं येतोय."

आत जागा नव्हती, तरी तो येत होता. खर्डेकरांना रडू फुटलं, पण थांबायला सवड नव्हती. ठोके क्षीण होत चालले होते. पाऊण तासात सबंध रणगाडा फुल्यांनी पांढरा झाला. उजव्या अंगाला तळहाताएवढी जागा तेवढी कोरी राहिली.

"तिथं ठोकू नको," खर्डेकर म्हणाले. "तिथं त्याला बोलवू नको."

इस्माईलनं हातोडी लांब फेकून दिली आणि तो बाजूला झाला. मांडवातली माणसं उठून उभी राहिली. देवस्थळी काहीतरी लेखी हुकमाबद्दल बोलत होते. खर्डेकरांनी तोफेत स्वतः गोळा भरला, दुर्बिणीला डोळा लावला आणि ती कोरी जागा बरोबर मधोमध धरली. त्यांनी घोडा ओढला, आणि गोळा नळीतून निघता निघता त्या कोऱ्या जागेतून, कुणी बोलावलं नसताना, एक ठोका आला.