अर्डिसच्या नावावरचे मासे

ही गोष्ट कुणालाच खरी वाटणार नाही. तरी सांगितलीच पाहिजे, कारण आमच्या विनेबागो तळ्याच्या काठावर ज्या गोष्टीवर लोक लगेच विश्वास ठेवतात ती हमखास खोटी निघते. त्या फेब्रुवारीत थंडी अशी होती की थर्मासातली कॉफी कपात पोचेपर्यंत गोठायची, आणि लोक ती करवतीने कापून सारखे तुकडे करून वाटून घ्यायचे. साखर हवी असेल त्याला मधला तुकडा.

तर अशा थंडीत, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, अर्डिस बुखहोल्झने गोठलेल्या तळ्यावर पहिल्यांदा पाऊल टाकलं. यात कसलं नवल, असं कुणी परका विचारील. नवल असं की त्याआधीच्या एकोणीस वर्षांत याच बाईने याच तळ्यात अकरा स्टर्जन, म्हणजे माणसाएवढे लांब मासे, भाल्याने मारले होते. सरकारी वहीत तारीखवार नोंद आहे, प्रत्येक नोंदीखाली तिची सही आहे.

हे कसं, ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. स्टर्जन मारायचा म्हणजे बर्फाला टेबलाएवढं भोक पाडायचं, त्यावर बिनखिडकीचं खोपटं उभं करायचं आणि आतल्या काळोखात भाला घेऊन खाली बघत बसायचं. त्यासाठी खास परवाना लागतो. ऑक्टोबर संपायच्या आत फी भरून तो आपल्या नावावर घ्यायचा. सोबत क्रमांकाची एक पट्टी मिळते. मासा मारला की लगेच पट्टी त्याला बांधायची आणि दुपारी दोनच्या आत नोंदणी चौकीवर न्यायचा. एका माणसाला वर्षाला एकच मासा. पट्टी दुसऱ्याला देता येत नाही.

अर्डिसचा नवरा व्हर्जिल दर ऑक्टोबरात दोन अर्ज भरायचा, एक आपला आणि एक बायकोचा. पहिल्या माशाला आपली पट्टी, दुसरा मिळालाच तर बायकोची. मग चौकीबाहेर, गाडीतल्या उबेत बसलेल्या अर्डिसला आत बोलवायचं. तिथला माणूस विचारणार, तुम्हीच मारलात का? तिने मान हलवायची, सही करायची आणि घरी जाऊन बटाटे उकडायचे. गावात याला ‘घरवालीचा मासा’ म्हणत. निम्म्या घरांत असे मासे यायचे. चोरी कुणी म्हणत नसे. दोघांची फी भरली होती ना!

अर्डिसचा खरा वाटा होता अंड्यांच्या टरफलांचा. वर्षभर ती टरफलं धुऊन, वाळवून, चुरून डब्यात भरायची. व्हर्जिल ती भोकातून खाली सोडायचा, म्हणजे तळ पांढरा दिसतो आणि वरून जाणारा मासा उठून दिसतो. एकोणीस वर्षांत तिने इतकी टरफलं दिली की तळ्याची खोली दोन वीत कमी झाली, असं सांगतात. पण तो पांढरा तळ तिने कधी पाहिला नव्हता.

हे असंच चालू राहिलं असतं. पण आदल्या नोव्हेंबरात भालेकऱ्यांच्या मंडळाला अवदसा आठवली. त्यांनी वह्या चाळल्या आणि ठरवलं की जिल्ह्यातली सर्वांत यशस्वी बाई म्हणून अर्डिसचा सत्कार करायचा. शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या पंगतीत तिला लाकडी मानचिन्ह दिलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले. व्हर्जिल तर असा फुगला की त्याच्या कोटाची दोन बटणं सूपच्या वाटीत पडली.

मग ओडिला आली. ओडिला झेलिन्स्की म्हणजे टपाल कचेरीतून निवृत्त झालेली अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. एकतीस हिवाळे ती एकटी बर्फावर बसत होती आणि तिला एकदाही मासा मिळाला नव्हता. तिने अर्डिसचा हात हातात घेतला आणि शाळकरी मुलीसारखं विचारलं की मासा भोकात येतो त्या क्षणी कसं वाटतं, आधी डोकं दिसतं की सावली?

अर्डिसने ताटाकडे पाहिलं. “अंधार असतो,” ती कशीबशी म्हणाली.

ओडिलाने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. “हो, अंधार तर असतोच,” म्हणाली, हात थोपटला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. टोमणा नाही, काही नाही. टोमणा मारला असता तर अर्डिसला त्या रात्री झोप तरी लागली असती.

फेब्रुवारीत हंगामाचा पहिला दिवस उजाडला. व्हर्जिलने फ्रिजवरच्या चुंबकाखाली हात घातला, तर तिथे एकच पट्टी.

“अगं, तुझी कुठाय?”

“माझ्या खिशात. आज मी बसणार आहे. ओडिलाच्या खोपटात.”

व्हर्जिल हसला. हसता हसता खुर्चीत बसला. “तू? भाला केवढा जड असतो माहितेय? तुझ्याने लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही.”

“झाकणं तू रागाने आवळतोस म्हणून,” अर्डिस म्हणाली आणि कोट चढवून चालू लागली.

ओडिलाच्या खोपटात दोघी एका बाकावर बसल्या. पायाखाली भोकातलं पाणी, बर्फातून झिरपणाऱ्या उजेडाने हिरवं उजळलेलं. पहिला अर्धा तास अर्डिसला वाटलं की आता बर्फ फुटणार. पुढच्या अर्ध्या तासात ती बर्फ विसरली. खाली ओडिलाने टाकलेल्या बटाट्याच्या साली दिसत होत्या, आणि त्यांच्याकडे बघत राहण्यात असं काही होतं की तिला कुणाशी बोलावंसंच वाटेना.

साडेदहाला दार धाडकन उघडलं. दारात व्हर्जिल, मागे घसरगाडी, तिच्यावर दोन मासे. एकाला पट्टी बांधलेली. दुसरी मादी होती, व्हर्जिलपेक्षा वीतभर लांब, आणि तिला पट्टी नव्हती.

तो धापा टाकत सांगू लागला. पहिला मासा आठलाच मिळाला होता. भाला धुवायला म्हणून पाण्यात धरला होता, तेवढ्यात ही खालून गेली, आणि हाताला एकोणीस वर्षांची सवय. “पट्टी दे, अर्डिस. दोनच्या आत पोचायला हवं.”

“नाही.”

“अगं, बिनपट्टीचा मासा सापडला तर माझा परवाना जाईल. तीन वर्षं!”

“मग तीन वर्षं घरी बस. टरफलं धू.”

व्हर्जिल ओडिलाकडे वळला. तिने तरी समजवावं, म्हणाला. फी दोघांची भरलीय, फुकट काही नेत नाही. सरकारला पैसे पोचले, मग भाला कुणी मारला याच्याशी त्याला काय करायचंय?

ओडिलाने पाण्यावरची नजर काढली नाही.

“फी ही माशाची किंमत नाही, व्हर्जिल,” ती म्हणाली. “ही मादी पहिल्यांदा अंडी घालते तेव्हा पंचवीस वर्षांची असते. तिची किंमत तुझ्याने भरवायची नाही, माझ्यानेही नाही. आपण फी भरतो ती एका माणसाने एकदा बसण्याची. ठरलेल्या माद्या मारून झाल्या की हंगाम बंद होतो, सगळ्यांचा. तू दुसरीला भाला मारलास की कुणाचा तरी दिवस संपतो. ते कोण, तुला दिसत नाही. ते असं काळोखात बसलेलं असतं.”

“सगळेच करतात,” व्हर्जिल पुटपुटला. मग हळूच म्हणाला की हिला पुन्हा भोकात ढकलून देऊ, कुणाला कळणार नाही.

अर्डिस उठली. “सगळे करतात ते सगळ्यांच्या बायकांच्या नावावर करतात. मी टरफलं दिली, सही दिली, नाव दिलं. ते नाव आता मला परत हवंय. तू ये नाहीतर येऊ नकोस, मी चौकीवर जाऊन ते अकरा मासे कुणी मारले ते सांगणार आहे. माझाही परवाना जाऊ दे.”

चौकीवर रांग होती. रांगेतल्या घसरगाड्यांमागे ओळखीचे पुरुष, आणि पलीकडे इंजिन चालू ठेवलेल्या गाड्यांत त्यांच्या बायका. व्हर्जिलची मादी बघून एकाने डोळा मारला. “काय रे, घरवालीची वाटतं?”

व्हर्जिलने अर्डिसकडे पाहिलं. एकोणीस वर्षं हललेली मान आज ताठ होती. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि तिथे शरम आली. ती त्याला काही वाईट दिसत नव्हती.

“नाही,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “दोन्ही माझेच. दुसरीला पट्टी नाही. आणि हिने आजवर एकही मारलेला नाही.”

मग एका गाडीचं दार उघडलं. एक बाई खाली उतरली, नवऱ्याजवळ गेली आणि त्याच्या हातातली आपली पट्टी काढून घेतली. मग दुसरं दार उघडलं. मग तिसरं.

मादी जप्त झाली. व्हर्जिलचा परवाना तीन वर्षं गेला, अर्डिसचा खोट्या सह्यांबद्दल एक वर्ष. मानचिन्ह तिने स्वतः मंडळाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. व्हर्जिल आता अंडी फोडतो, आणि टरफलं बायकोपेक्षा बारीक चुरतो.

मंडळी, आपल्या घरातही बघा. कुणाच्या नावावर काय काय चाललं आहे? कागदावर नाव घातलं म्हणजे हक्क दिला असं होत नाही. ज्याचं नाव त्याचा हात, आणि ज्याचा हात त्याचाच जाब. नियम सरकारने केला म्हणून पाळायचा नाही. शेजारच्या खोपटात कुणीतरी आपल्या पाळीची वाट बघत बसलेलं असतं, म्हणून पाळायचा.

आणि अर्डिसचं काय झालं? अहो, वर्ष सरलं, परवाना मिळाला आणि पहिल्याच दिवशी तिने असा स्टर्जन मारला की तो बाहेर काढायला भोक चार करवतींनी वाढवावं लागलं. शेपूट बाहेर आलं तेव्हा डोकं अजून पलीकडच्या काठावर नाश्ता करत होतं. तळ्याचं पाणी चार बोटं उतरलं, आणि खुद्द राज्यपालांनी...

“खोटं आहे,” पंगतीतल्या मागच्या टेबलावरून अर्डिस म्हणाली. “सोळा दिवस बसले, एक मासा फिरकला नाही. पट्टी कोरीच परत आणली. पण ती कोरी पट्टी माझी आहे, आणि तिच्यावर कुणी मासा बांधलेला मी ऐकून घेणार नाही.”