निरीक्षकांचा आकस

न्हाव्याने नगरपालिकेचे बाक चोरून दुकानाबाहेर ठेवले, असा खटला पालिकेच्या निरीक्षकांनी भरला आणि न्हावी त्यातून निर्दोष सुटला. बाक त्याच्या सुतार सासऱ्याने बनवले होते. साक्ष देतानाही सासरा बाकाच्या एका डुगडुगत्या पायाबद्दल कोर्टाची माफी मागत होता.

पण लोकांच्या लक्षात खटला राहतो, निकाल नाही. गल्लीत न्हाव्याचे नाव ‘बाकचोर’ पडले ते पडलेच. लेकीच्या सासरी तो गेला की विहीणबाई अंगणातल्या खुर्च्या आत घ्यायच्या. हे नाव पुसायचे म्हणून त्याने नगरपालिकेवरच दावा लावला: खोटा खटला आकसाने भरला.

“खोटा होता हे ठीक,” वकील म्हणाला. “आकस कुठून आणायचा? तुमचं काही वाकडं होतं?”

“वाकडं काही नाही. भर दुकानात निरीक्षकसाहेबांना एवढंच म्हणालो होतो, ‘साहेब, आता कंगव्याला काही कामच उरलं नाही.’ सगळे हसले. पुढच्या आठवड्यात नोटीस.”

“वा. साक्षीला कोण येईल?”

“एक जण येईल. त्याचं पालिकेतलं नळाचं काम होऊन गेलंय.”

साक्षीदाराने तो किस्सा असा रंगवला की कोर्टाचा कारकूनही खाली मान घालून हसला. दावा खिशात आल्यासारखा वाटत होता. मग पालिकेचे वकील न्हाव्याची उलटतपासणी घ्यायला उठले.

“खटला चालू असताना निरीक्षकसाहेब दाढी कुठे करत होते?”

“माझ्याकडेच.”

“वस्तऱ्याने?”

“मग काय, विळ्याने?”

“आणि डोळे?”

“मिटलेले. घोरतातसुद्धा.”

न्हाव्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी निकालात लिहिले की, जो माणूस ज्याच्या वस्तऱ्याखाली गळा देऊन घोरतो, त्याच्याविषयी त्याच्या मनात आकस असेल हे पटत नाही. दावा फेटाळला.

“ज्यानं तुम्हाला चोर ठरवलं, त्याचीच दाढी करत बसलात?” बायकोने घरी विचारले.

“अगं, त्यांच्या हनुवटीखाली भोवरा आहे. दुसऱ्याकडे गेले तर कापून घेतील.”

“घेऊ देत की.”

न्हाव्याने रात्रभर त्यावर विचार केला.

सकाळी दुकान भरलेले असताना निरीक्षकसाहेब आले, खुर्चीत बसले, मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

“साहेब, उठा. तुमची दाढी इथं होणार नाही.”

साहेबांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. आरशातून सगळी गिऱ्हाइके त्यांच्याकडे बघत होती.

“माज आलाय तुला,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “हे दुकान कसं चालतं तेच बघतो आता.”

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला.

“साहेब, जरा मोठ्यानं,” तो अदबीने म्हणाला. “मागच्या मंडळींना ऐकू आलं नाही.”