दारापलीकडे

मावशीने वाचनालयाच्या दारात चपला काढल्या आणि फरशीवर पसरलेल्या वर्तमानपत्रांवरून, रंगाचे शिंतोडे चुकवत ती भिंतीपाशी आली. शिडीवर तिची चित्रकार भाची उभी होती. कोपरापर्यंत निळी, केसांत पिवळी.

"अगं बाई, ही तर माझी शिंप्याची पोर!" मावशी जवळजवळ ओरडलीच.

भिंतभर मावशीचीच, भाचरांना रात्री झोपताना सांगितलेली गोष्ट पसरली होती. शिंप्याची पोर, तिची विहिरीत पडलेली सुई, ती शोधायला सोडलेला दोर आणि तळाशी, पाण्याखाली, एक बंद दार. दारापलीकडची भिंत मात्र कोरी होती. मुलांचा हा कोपरा उद्या सकाळी उघडायचा होता.

"त्यासाठीच बोलावलं तुला!" भाची धडाधड खाली उतरली. "दारापलीकडे काय होतं? डोकं फुटायची वेळ आली, आठवतच नाही."

"आठवेल कुठून? पोर विहिरीत उतरली की तुम्ही भावंडं घोरायला लागायचात. तुमचं 'हं' थांबलं की मीही गप्प. भिंतीला का गोष्ट सांगायची?"

"पण शेवट असेलच ना तुझ्याकडे?"

मावशीने हसू दाबलं. "लागलाच नाही कधी. लागला असता तर रचला असता."

भाची शिडीच्या पायरीवर मटकन बसली. मग तिला जे हसू फुटलं, ते आवरेना. इतके दिवस ती नसलेला शेवट आठवत बसली होती! ती ताडकन उठली, मावशीपुढे स्टूल सरकवलं, ब्रश पिवळ्यात बुचकळला. दाराच्या फटीतून तिने एक बारीक रेघ बाहेर काढली. उजेड की धागा, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"हं," मागून आवाज आला.

रेघ वळली, वर गेली, हरवलेल्या सुईच्या नेढ्यातून आरपार झाली.

"हं."

आता दार. तिने काळ्या रंगाने ते बोटभर किलकिलं केलं आणि ब्रश तसाच हवेत राहिला. मागेही शांतता. लागली वाटतं डुलकी, असं मनात म्हणत तिने मान वळवली.

मावशी स्टुलाच्या अगदी कडेवर येऊन बसली होती. हनुवटी मुठीवर, डोळे दारावर.

"थांबलीस का गं?" ती म्हणाली. "मी जागी आहे."