तळमजल्याचं कारण

दिनानाथला फिट येते, हे नेरूळच्या त्या सोसायटीत घराबाहेरच्या एकाच माणसाला ठाऊक होतं. फिट येऊन दिनानाथ एकदा जिन्यात पडला होता. तिसऱ्या मजल्याऐवजी तळमजल्याचं घर मिळावं म्हणून त्याच्या बायकोने, चारुलताने, सोसायटीचा सेक्रेटरी नंदकुमारला खरं कारण सांगितलं. त्याने महिनाभरात घरांची अदलाबदल करून दिली. तिला तो देवमाणूस वाटला.

पंच्याऐंशीच्या निवडणुकीत प्रचाराची माणसं दारात आली, तेव्हा शेजारच्या सुमित्राबाई तिच्याकडे गप्पा मारत बसल्या होत्या. धर्मराज नावाचा कार्यकर्ता हात जोडून म्हणाला, "वहिनी, दिनानाथरावांच्या फिटचं टेन्शन घेऊ नका. साहेबांची मोठ्या डॉक्टरशी ओळख हाय. मत तेवढं आमाला द्या."

सुमित्राबाई बोलता बोलता थांबल्या.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" चारुलताने विचारलं.

"सेक्रेटरी आपलेच हायेत ना. कोणाच्या घरात काय अडचण, ते समजल्याशिवाय मदत कशी करनार?"

बातमी सुमित्राबाईंच्या घरून निघाली की धर्मराजकडून, कोण जाणे. पण आठवड्याच्या आत ती दिनानाथच्या तुर्भ्याच्या कारखान्यात पोचली. दिनानाथला प्रेस मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. चारुलता संतापली. तो मात्र चहा पिता पिता म्हणाला, "खरं सांगू? सुटलो. रोज मशीनखाली हात घालताना जीव मुठीत धरायचो."

"मग ते तुम्ही सांगायचं होतं. नाहीतर मी. त्यांनी कशाला?"

त्याने उरलेला चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी ती नंदकुमारच्या दारात गेली. "भाऊ, मी तुम्हाला घरासाठी सांगितलं होतं, प्रचारासाठी नाही."

नंदकुमारला राग आला नाही, उलट नवल वाटलं. "वहिनी, तुमच्या भल्यासाठीच सांगितलं. सगळ्याच घरांचं सांगितलंय. साहेब निवडून आले तर आपल्याला पाणी दोन्ही वेळ येईल."

नळाला एकच वेळ पाणी येत होतं, हे तर खरंच होतं. ती परत आली. त्यानंतर घरातलं काही तिने त्याला सांगितलं नाही. त्याच्या बायकोने सहज चौकशी केली तरी ती "ठीक आहे" म्हणून पुढे जायची. सोसायटीत तिला शिष्ट म्हणू लागले.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर नंदकुमार उभाच होता. "काय वहिनी, आपल्यालाच ना?"

चारुलता हसली, शाईचं बोट पदरात घेतलं आणि घराकडे चालू लागली. संध्याकाळी दिनानाथनेही विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला आमटी आणखी वाढू का?"