वाढलेला पगार आणि छोटीचा फ्रॉक

मी एक जुनी इस्त्री आहे. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत, मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर माझं सगळं आयुष्य गेलं. नवी होते तेव्हा मालक मला फडक्यानं पुसायचा आणि गिऱ्हाइकांना दाखवायचा, "बघा, कशी लोण्यासारखी फिरते!" आता माझ्या वायरला जागोजागी चिकटपट्ट्या आहेत. असू दे. मित्रांनो, रडगाणं माझं नाहीये. मावशीचं आहे.

मावशी म्हणजे मला फिरवणारी. तिची पोरगी, छोटी, मामाकडे राहते. कारण मावशीनं नुसती एक खाट भाड्यानं घेतलीय, आणि तिथं पोरं चालत नाहीत.

एका सकाळी घड्या घालणारा काका ओरडतच आत आला. "मावशे, किमान वेतन वाढलं! आता चहा तुझ्याकडून!"

"चहा कसला, इस्त्रीची वाफ पी," मावशी म्हणाली. पण लगेच मला बाजूला उभं करून तिनं भावाला फोन लावला. "दादा, पगार झाला की खोली घेते. सुट्टी लागली की छोटीला घेऊन ये."

घाई केली तिनं. पण मला सांगा, कोणी केली नसती?

पगाराच्या दिवशी काकानं तिला चिठ्ठी वाचून दाखवली. "दर वाढलाय, हे बघ. पण त्यानं तू व्यवसाय कराच्या रेषेपलीकडे गेलीस, म्हणून हा कर कापला. फंडाची कपातपण वाढली."

"आणि जादा वेळ थांबायचे पैसे?"

"ते रोख मिळायचे ना? बंद केलेत. नव्या दरानं परवडत नाही म्हणे."

हातात आधीपेक्षा कमीच आले! तास कमी झाले, पण चादरींचा ढीग तेवढाच. असलं कसलं वाढणं हे? माझं तर डोकंच फिरलं.

मावशी मालकाकडे गेली. "साहेब, मला वाढ नको. जुनाच पगार द्या. लिहून देते तसं."

मालक काही राक्षस नव्हता. मान खाली घालून म्हणाला, "जुना दिला तर मला दंड होईल. आणि हॉटेलवाले दर वाढवून देत नाहीत. मी तरी कुठून आणू?"

ती परत येऊन चादरी ओढायला लागली. एवढ्या जोरात दाबायची मला, की टेबल करकरायचं. भावाला सांगायला तिची जीभच रेटेना. आज सांगते, उद्या सांगते, असं करत राहिली.

आणि एका दुपारी दारात मामा उभा. शेजारी छोटी, हातात पिशवी, अंगावर प्रवासात चुरगळलेला फ्रॉक.

"आई, आपली खोली कुठाय?"

मावशी पुढची चादर ओढायला लागली. काकानं पाठ फिरवून घड्या घालायला घेतल्या, एरवी तोंडाला टाळं नाही त्याच्या.

"खोली नाही मिळाली का? मग मी या टेबलाखाली झोपते. इथं मस्त ऊब आहे. चालेल ना, आई?"

"अगं, आधी तरी सांगायचंस," मामा हळूच म्हणाला. "तुझ्याकडे यायचं म्हणून हातपाय आपटून निघालीय ती. आता परत कशी नेऊ?"

मावशीनं छोटीला चादरीत गुंडाळलं आणि तिचा फ्रॉक माझ्याखाली घेतला. एवढासा फ्रॉक, दोन मिनिटांचं काम. पण ती बाही झाली की परत तीच बाही घ्यायची. सुरकुती कुठंच उरली नव्हती, तरी माझी मूठ सोडेना. मामा म्हणाला, "परतीची गाडी जाईल आता." तेव्हा कुठं तिनं मला उभं केलं. गरम फ्रॉक घालून छोटी गेली. जाताना आईकडे बघितलंसुद्धा नाही तिनं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, असं मी सांगायला हवं. नका जपू! वायर तुटली तर भंगारात जाईन, काही बिघडत नाही. पण घरी कोणी सांगितलं की पगार वाढला, तर टाळ्या पिटू नका. आधी विचारा, हातात किती आले? टाळाटाळ केली तर पुन्हा विचारा. मावशीला ते कोणी विचारलं नाही. छोटी अजून मामाकडेच आहे आणि फोनवर यायला तयार नाही.