वरच्या ओळीचा मान

मी पुंडलिकराव, दारव्ह्यात मांडव-डेकोरेशनचा धंदा करतो. नौशादची जेसीबी हाय. दोघायचं दुकान एकाच शटरात, म्हणून वेबसाइटही एकच काढली. बनवली माह्या भाचीनं. खुशी तिचं नाव. यवतमाळले कॉलेजात शिकते.

बनवतानाच थे म्हणे, "मामा, तुमच्याकडंही 'बुकिंग' नावाचं पान, नौशादमामाकडंही 'बुकिंग'च. मेन फाइलीत दोघायले वेगळं आडनाव लावू का? नाही तं गोंधळ होईन."

"आडनावं कायले? उगाच वाटण्या झाल्यासारखं दिसते," म्या म्हटलं. "फक्त त्या फाइलीत माही ओळ वरतं ठेव. मी मोठा हाओ."

नौशाद हसला. "ठेव बेटा, बुजुर्गाले वरतंच बसव."

लग्नसराई लागली. मले एक ऑर्डर नाही, अन् नौशादचा फोन वाजूनच राह्यला.

एक दिवस विमलताईचा फोन. त्यायच्या अर्पिताचं लग्न होतं. "पुंडलिकभाऊ, मांडव मांगितला अन् दारात जेसीबी काहून?"

"फॉर्मात काय भरलं ताई?"

"खड्डा किती फूट, असं विचारलं. मले वाटलं मांडवाच्या बल्ल्या गाडासाठी असन. चार लिवलं. त्या ड्रायवरनं अंगणात हौद खंदला. संध्याकाळलोक तुमचं काही समजलं नाही, तं यवतमाळच्या मांडववाल्याले सांगीन."

खुशीले फोन लावला. थे पोट धरून हासे. "मामा, एका नावाची दोन पानं असली का बटन कोनाचंही दाबा, मशीन खालच्या ओळीतलं धरते. तुमी वरतं बसले ना."

नौशाद चहात खारी बुडवून राह्यलता. "तुले माहीत होतं काय रे?" म्या विचारलं.

"दोन दिवसांत समजलं, भाऊ. पण मानाची जागा. तुमाले कोन उठवनार?"

खुशीनं मेन फाइलीत माह्या पानायले 'मांडव' आडनाव लावलं, त्याच्या पानायले 'जेसीबी'. साइट उघडली तं पुरी बोंब. एकही पान उघडे ना.

"आता नुसतं 'बुकिंग' म्हणून हाक मारली तं कोनी ओ देत नाही," खुशी म्हणे. "थांबा, प्रत्येक बटनावर आडनावासकट पूर्ण नाव लिवा लागते."

लिवलं. विमलताईले म्हटलं, पुन्हा भरा. यावेळी माहाच फोन वाजला. मंग त्यायचा कॉल आला, "ऑर्डर तुमचीच, भाऊ. पण आधी हौद बुजवा. नवरदेव पडन त्याच्यात."

नौशादले म्हटलं, "चाल, बुजव."

"बुकिंग करा ना भाऊ. साइट कायले हाय?"

म्या त्याच्यासमोर बसून, त्याचीच खारी खात फॉर्म भरला. त्याचा खिसा वाजला. फोन काढून त्यानं मोठ्यानं वाचलं, "पुंडलिकराव, मांडववाले. पार्टी भरोशाची हाय का?"

"बिल्कुल नाही," म्या म्हटलं, अन् त्याले विमलताईकडं निघालेल्या बल्ल्यायच्या गाडीत ढकललं.